अभिप्राय अप्राप्त

आमच्या कार्यालयात टेबलं अकरा आहेत आणि माणसं तीन. मी, शिपाई आणि ड्रायव्हर. गाडी चार वर्षांपूर्वी भंगारात गेली, पण ड्रायव्हरचं पद मंजूर आहे म्हणून ड्रायव्हर आहे. तो दिवसभर खिडकीशी बसून लोकांना कुठल्या टेबलाकडे जायचं ते सांगतो, आणि लोक कुठेही गेले तरी शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहतात. माझी मूळ नेमणूक आस्थापना शाखेत. कोणाची नेमणूक, कोणाची रजा, कोणाची निवृत्ती, हे पाहायचं. आरोग्य शाखेची बाई निवृत्त झाली, तिच्या जागी कोणी आलं नाही, तेव्हा ते टेबल 'तात्पुरतं' माझ्याकडे आलं. त्याला सहा वर्षं झाली. मग आवक-जावकचा कारकून बदली घेऊन गेला आणि ती दोन रजिस्टरंही माझ्याच डोक्यावर बसली. साहेब आहेत, पण त्यांच्याकडे अशी चार कार्यालयं. एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी ते आमच्या वाट्याला येतात.

आता यातली गंमत ऐका. आस्थापनेला आरोग्य शाखेकडून काही माहिती हवी असली, तर मी मला पत्र लिहिते. जावक क्रमांक टाकते, खुर्ची फिरवते, आवक क्रमांक टाकते आणि मग मला उत्तर लिहिते, 'आपणांस कळविण्यात येते की'. पहिल्या वर्षी मी हा खेळ केला नव्हता, एका टिपणीत दोन्ही उरकलं होतं. तपासणीला आलेल्या माणसाने शेरा मारला, 'शाखांमधील पत्रव्यवहार आढळून येत नाही.' खुलासे देता देता माझ्या नाकी नऊ आले. तेव्हापासून मी मला अगदी आदराने पत्रं लिहिते. शिपाई विचारतो, "काय मॅडम, स्वतःला चहा विचारलात की नाही?" मी म्हणते, लेखी विचारलाय, उत्तराची वाट बघते.

घरी मी, आमचे हे, माझी धाकटी जाऊ आणि तिची आठ वर्षांची मुलगी. दीर शहरात कारखान्यात, महिन्यातून दोन दिवस येतात. मला मूल झालं नाही. हे सांगताना मी पूर्वी अडखळायचे; ती पोर जन्मल्यापासून अडखळत नाही. ती मला मोठीआई म्हणते, माझ्याच ताटात जेवते आणि तिच्या आईने रागावलं की माझ्या पाठीमागे लपते.

धाकटी नर्स आहे. डोंगरापलीकडे दोन खोल्यांचं उपकेंद्र, सात वस्त्या आणि ती एकटी. कंत्राटी नेमणूक, अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की एक दिवसाचा खंड द्यायचा आणि पुन्हा नवा आदेश काढायचा, असं नऊ वर्षं चाललेलं. खंडाच्या दिवशी केंद्राला कुलूप असायला हवं. ती तरीही जायची. "आज मी सरकारी नाही, फुकट आहे," म्हणायची, आणि नेहमीच्या बसने निघायची. दीर तिला शहरात चल म्हणून कधीचे मागे लागलेले. तिचं उत्तर ठरलेलं, "माझ्या बाळंतिणींना काय सांगू?" त्यावर ते गप्प बसायचे आणि मला मनातल्या मनात बरं वाटायचं. ते पद होतं म्हणून ती इथे होती, आणि ती इथे होती म्हणून पोर माझ्याजवळ होती.

एका सोमवारी मुख्यालयाचं परिपत्रक आलं. निधीअभावी कंत्राटी पदांचा आढावा घ्यायचा आहे. प्रत्येक पद का लागतं, याचा संबंधित शाखेचा अभिप्राय घेऊन एकवीस दिवसांत तक्ता पाठवावा. आस्थापना म्हणून मी आरोग्य शाखेला पत्र लिहिलं, सात दिवसांत अभिप्राय द्या. आरोग्य शाखा म्हणून मी ते घेतलं. सहा पदं होती. पाचांचे अभिप्राय मी त्याच दुपारी लिहून टाकले. औषधं देणारा का हवा, सफाई कामगार का हवा, अगदी पोटतिडकीने लिहिलं. सहावं पद धाकटीचं होतं. तिथे पेन थांबलं.

नातेवाइकाच्या प्रकरणात आपण अभिप्राय द्यायचा नाही, साहेबांनी द्यायचा, असा नियम आहे. पण खरं सांगते, नियमापेक्षा मला लोकांच्या तोंडाची भीती जास्त. 'जावेची सोय लावली' असं नऊ वर्षांत मला कोणी म्हणू शकलं नव्हतं, आणि त्याचा मला माज होता. माजच म्हणायचा तो. मी कागदावर 'साहेबांनी पाहावे' असं लिहिलं आणि साहेबांच्या फायलीत ठेवून दिला.

त्या गुरुवारी साहेब आले नाहीत. त्यांच्या पुढच्या गुरुवारी आले ते घाईत. उभ्या उभ्या साठ-सत्तर सह्या केल्या आणि घड्याळ बघत विचारलं, "आणखी काही तातडीचं?" तो कागद सगळ्यात खाली होता. मीच तसा ठेवला होता. वर ठेवला असता तर मी जावेचा कागद पुढे सरकवते असं बाजूला उभ्या असलेल्या शिपायाला वाटलं असतं. शिपायाला काय वाटेल, याची मला काळजी.

"विशेष काही नाही, सर," मी म्हणाले.

तक्ता पाठवायच्या दिवशी मी रकाने भरायला बसले. पाच ओळी भरल्या. सहाव्या ओळीसाठी अभिप्रायाचा कागद नव्हता. कागद नसला की तिथे काय लिहायचं ते माझ्या हाताला पाठ आहे, सव्वीस वर्षं लिहीत आले आहे. 'संबंधित शाखेचा अभिप्राय अप्राप्त.' लिहिलं, सही केली, जावक क्रमांक टाकला. ज्या शाखेने अभिप्राय दिला नाही ती शाखा म्हणजे त्याच खुर्चीत बसलेली मी, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मला वाटलं, स्मरणपत्र येईल. आमच्याकडे 'अप्राप्त'चा अर्थ 'नाही' असा होत नाही. 'अप्राप्त' म्हणजे 'जरा वेळ द्या'. मग पहिलं स्मरणपत्र येतं, दुसरं येतं, 'अंतिम' म्हणून तिसरं येतं आणि अंतिमनंतरही एखादं येतं. तोवर मला चार गुरुवार मिळाले असते.

स्मरणपत्र आलं नाही. मुख्यालयात स्मरणपत्रं काढणाऱ्या कारकुनाचं पद आदल्याच आढाव्यात रद्द झालं होतं, हे मला मागाहून कळलं.

आला तो आदेश. टपाल मीच उघडते, त्यामुळे तो पहिल्यांदा मीच वाचला. 'अभिप्राय अप्राप्त असल्याने सदर पदाची आवश्यकता नाही असे गृहीत धरण्यात येत आहे.' पाच पदं राहिली होती, एक गेलं होतं. महिनाअखेर कार्यमुक्त करावे. मी त्यावर आवक क्रमांक टाकला. अक्षर नेहमीसारखंच आलं, त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दोन दिवस तो आदेश माझ्या पिशवीत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी तो धाकटीच्या हातात दिला. तिने उभ्यानेच वाचला. मग बसून पुन्हा वाचला.

"अभिप्राय कोणाचा आला नाही?" तिने विचारलं.

"आरोग्य शाखेचा."

"पण ताई, आरोग्य शाखा तुमच्याकडे आहे ना?"

"हो."

"मग विचारलं कोणी होतं?"

"आस्थापनेनं."

ती माझ्याकडे बघत राहिली. आमचे हे हात धुवायचं निमित्त करून आत गेले. पोर जमिनीवर चित्र रंगवत होती.

"म्हणजे तुम्हीच विचारलंत," ती सावकाश म्हणाली, "आणि तुम्हीच उत्तर दिलं नाहीत."

मी तिला सगळं सांगितलं. नियम, साहेब, गुरुवार, खाली ठेवलेला कागद, स्मरणपत्र. सांगता सांगता मलाच ते ऐकवेना. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. जावा-जावांत होतं तसं काही झालं असतं, दोन दिवस अबोला धरला असता आणि मग निवळलं असतं.

"मला नुसतं तोंडी विचारायचंत," ती म्हणाली. "एका घरात राहतो आपण, ताई."

मग तिने रोजच्यासारखी ताटं उचलली.

मी मुख्यालयात गेले. दोन बस बदलून, रजा टाकून. मोठा हॉल, टेबलांच्या रांगाच रांगा, आणि त्यात चार माणसं लांब लांब बसलेली. आमच्या भागाचं काम पाहणारे गृहस्थ भले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः उठून फाईल शोधली.

"रद्द झालेलं पद परत उभं करायचं तर नवा प्रस्ताव लागतो," ते म्हणाले.

"देते की. आत्ता लिहून देते."

"नव्या प्रस्तावांना निधीअभावी बंदी आहे, बाई." त्यांनी फाईल पुन्हा चाळली आणि मला धीर द्यायला म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कागद स्वच्छ आहेत. तुमच्याकडून नियमबाह्य काही झालेलं नाही."

परतीच्या बसमध्ये मी रडले. शेजारची बाई तोंड फिरवून बाहेर बघत बसली, तिचे उपकार झाले.

पुढचं भराभर झालं. दिरांनी एका इस्पितळात शब्द टाकला आणि आठ दिवसांत धाकटीला तिकडे नोकरी मिळाली. इतकी वर्षं जे होत नव्हतं ते आठ दिवसांत झालं. शाळेचा दाखला काढायला मीच गेले, कारण दाखले कसे पटकन काढायचे ते मला येतं. पोरीने विचारलं, "मोठीआई, तू पण बदली घेऊन ये ना." मी म्हटलं, माझं पद तिथे नाही गं. ती म्हणाली, मग पद घेऊन ये. तिच्या फ्रॉकांच्या घड्या घालता घालता मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले.

शेवटच्या दिवशी उपकेंद्राचा ताबा घ्यायचा होता. तो आरोग्य शाखेने घ्यायचा असतो. त्यामुळे मी आणि धाकटी एकाच बसने गेलो, शेजारी शेजारी बसून. नऊ वर्षं ती या रस्त्याने रोज जात होती आणि मी केंद्र पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. कागदावर मी त्याला 'डोंगरी उपकेंद्र, खोल्या दोन' एवढंच ओळखत होते. भिंतीवर तिच्या अक्षरात गर्भवतींची नावं होती, प्रत्येकीपुढे तारीख. खिडकीच्या फुटलेल्या काचेला तिने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा लावला होता. काचेची मागणी दोन वर्षांपूर्वी आली होती, मला आठवलं. मीच 'निधी उपलब्ध नाही' म्हणून परत पाठवली होती.

तिने यादी वाचली आणि मी खुणा केल्या. वजनकाटा एक. रक्तदाबाचं यंत्र एक. तपासणीचं टेबल एक. कपाट एक, दार नादुरुस्त. बादल्या दोन. रजिस्टरात शेवटच्या नोंदीखाली तिने लाल शाईने रेघ मारली. यादीच्या तळाशी 'देणार' लिहिलेलं होतं तिथे तिने सही केली, 'घेणार' लिहिलेलं होतं तिथे मी. किल्ली तिने माझ्या हातात दिली. बससाठी अजून पाऊण तास होता.

तेवढ्यात एक बाई दारात आली. आठवा महिना असावा. चढ चढून आल्यामुळे धापा टाकत होती. धाकटीने तिला टेबलावर बसवलं आणि सवयीने हात लांब केला, मग थांबली.

"ताई, ते यंत्र घेऊ का?" तिने मला विचारलं. "आता तुमच्या ताब्यात आहे ना."

त्यात टोमणा नव्हता. ताबा दिल्यावर विचारूनच घ्यायचं असतं, आणि ती नियमाने वागत होती. मी यंत्र तिच्या हातात दिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने पाहिलं. तिने पट्टा बांधला, आकडा पाहिला, पोटावर हात ठेवून बाळाची हालचाल पाहिली, काय खायचं, काय उचलायचं नाही ते सांगितलं. नोंद करायला रजिस्टर ओढलं आणि लाल रेघ पाहून मिटून ठेवलं. आकडा तिने त्या बाईच्या हातावर पेनने लिहिला. मग ती आत हात धुवायला गेली.

"पुढच्या महिन्यात कोण असेल?" बाईने मला विचारलं. किल्ली माझ्या हातात होती, म्हणून मला.

असल्या प्रश्नांची उत्तरं मी झोपेतही दिली असती. वर कळवलं आहे. मागणी नोंदवली आहे. अर्ज देऊन ठेवा. आत नळाचा आवाज थांबला होता. धाकटी ऐकत होती.

"कोणी नसेल," मी म्हणाले. "इथे नर्सबाई हव्यात का, असं कागदावर विचारलं होतं. उत्तर मी द्यायचं होतं. मी दिलं नाही, म्हणून त्यांना जावं लागतंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. एवढंच काम राहिलंय, असं त्या बाईला वाटलं असावं.

"मग आता द्या की," ती म्हणाली.