बंद राहिलेले कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे, मित्रांनो, आणि आजवर एकाही चोराने मला दगा दिलेला नाही. चोर बिचारे सरळ असतात. मला दगा दिला तो घरच्या माणसाने.

कारखान्यातून मी दोन किल्ल्या घेऊन बाहेर पडलो आणि एका सुताराच्या घरी आलो. त्याच्या वरच्या मजल्याला लाकडी सज्जा होता. तो वाळवीने पोखरला होता. हे निदान सुताराचेच. त्याने फळ्यांवर टकटक करून पाहिले आणि थोरल्या बहिणीला सांगितले की इथे कोणी उभे राहिले तर थेट खालच्या फरशीवर जाईल. मग सज्ज्याच्या दाराला कोयंडा बसवून त्यात मला अडकवले आणि एक किल्ली ताईच्या हातात दिली.

"मी मागितली तरी देऊ नकोस," तो म्हणाला.

एवढा विश्वास कुठल्या कुलुपाच्या वाट्याला येतो? माझी पितळी छाती फुगली. दुसरी किल्ली त्याने हळूच खिशात टाकली, तेही मी पाहिले. पण घरचा माणूस म्हणून गप्प बसलो.

काम चालू असताना ताई त्याला जुन्या भयकथा वाचून दाखवी. पडका बुरूज, बंद खोली, हातात मेणबत्ती घेतलेली नायिका. उघडू नकोस असे बजावले की ती बाई हमखास उघडणार. हिने अक्कल गहाण टाकली आहे, असे म्हणून सुतार रंधा मारता मारता हसे. मलाही ते पटे.

एका दुपारी ताई बाजारात गेली आणि तो वर आला. नुसते बघतो, असे पुटपुटत त्याने मला उघडले. एक पाय सज्ज्यात टाकला. फळी कुरकुरली. तो गालातल्या गालात हसला. पुढे हे रोजचेच झाले. शेवटी धुळीतल्या पावलांनी चुगली केली.

"काय आहे रे तिथे?" ताईने विचारले.

"काही नाही. समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे."

"आणि फळ्या कुजल्यात, ते माहीत नाही?"

"माहितीये. म्हणून तर पाय तिकडे वळतात गं."

ताईने दुसरी किल्लीही काढून घेतली. कुलुपाला हात लावणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली.

मित्रांनो, शपथ त्याने पाळली. पेचकस आणून कोयंड्याचे स्क्रू काढले आणि कोयंड्यासकट मला अलगद जमिनीवर ठेवले. मी बंदच होतो. माझ्या कामात खोट नव्हती. दार तेवढे सताड उघडे होते. फळी मोडल्याचा आवाज मी ऐकला, पण मला धावायला पाय नाहीत.

तो वाचला. कंबरेचे हाड मोडले. आता काठीशिवाय चालवत नाही. ताईने सज्जा उतरवला, दाराच्या जागी भिंत घातली. मी हत्यारांच्या पेटीत पडून आहे, कशालाच न लावलेला आणि तरीही बंद. येणारेजाणारे म्हणतात, कुलूपच कुचकामी निघाले. हे मात्र फार लागते.

ताई आता दुपारची त्याच्याजवळ भाजी निवडत बसते. जरा सरक, भुसा उडतोय, अशी त्याची कुरकुर चालते. ती सरकत नाही.

मित्रांनो, आम्हाला अधूनमधून तेल द्या, गंजू देऊ नका. पण घरातले कोणी स्वतःलाच घाबरून दाराला कुलूप लावू लागले, तर नुसत्या किल्ल्या सांभाळत बसू नका. त्याच्याजवळ बसा. ते काम कुलुपाचे नव्हते, आणि हे मला आधी कोणी सांगितले नाही.