बाहेरचा टीव्ही

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे तीन-चार बारीक भोकं, असं ऐकून आम्ही माझ्या धाकट्या बहिणीला, स्वप्नाला, उमापूरहून बीडला आणलं. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. माझा मात्र कुठल्याच डॉक्टरवर विश्वास नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमच्या आईची, मालनबाईची, गर्भपिशवी ऐन तिशीत एकानं अशीच काढून टाकली होती, काही गरज नसताना.

या दवाखान्यात नातेवाइकांसाठी बाहेर टीव्ही लावला होता. पोटातलं सगळं त्यावर दिसायचं. मी खुर्ची पुढे ओढून बसले. चिमटा गर्भपिशवीकडे वळला असता तर दार तोडायची माझी तयारी होती.

चिमटा एका नळीपाशी गेला, थांबला, मागे आला, पुन्हा गेला. मग पडदा काळा झाला.

"लपवाया लागले बघ," मी स्वप्नाच्या नवऱ्याला, बाळूला म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या. "आत फार सूज आहे. समोरची नळी पित्ताशयाची की यकृताची मुख्य, मला ओळखू येत नाहीये. चुकीची कापली तर जन्माचं दुखणं होईल. पोट उघडून करावं लागेल. सही द्या."

"म्हंजे तुमाला येत न्हाई," बाळू म्हणाला.

"दुर्बिणीतून दिसत नाही, हे खरं."

माझं डोकंच फिरलं. "मग टीव्ही काहून बंद केला? काय कापलं आत?"

"दुर्बीण बाहेर काढली, म्हणून बंद झाला. अजून काहीच कापलं नाही."

असं कुणीही म्हणेल. मी बाळूचा हात धरून ठेवला, सही करू देईना.

"करू दे सही," कोपऱ्यातून आई म्हणाली.

"आये, तिलाच कळंना आन् तू..."

"माझ्या डाक्टराला समदं कळत हुतं. पोटाला हात न लावता म्हणला, काढावीच लागंल."

माझा हात सुटला. बाळूनं सही केली.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरबाईंनी काढलेलं पित्ताशय ट्रेमधून आणलं, आपल्याकडे दाखवतात तसं. ती नळी मुख्यच निघाली, म्हणाल्या. मी तरी संशयानं वाकून बघायला गेले, तर आई आधीच वाकली होती.

"एवढंच काढलं?"

"एवढंच, आजी."

आईनं पदर तोंडाशी धरला. तिला रडताना मी फारसं पाहिलेलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, "दुसरं काईच न्हाई ना?"