रुपराव मिस्त्रींचा कान

मी एक जुनी सागवानी कांडी आहे, नागपूरच्या नळखात्यातली. लहानू सुताराने मला तासून माणसाच्या छातीएवढी उंच केली आणि खालच्या टोकाला लोखंड बसवले. मित्रांनो, जमिनीखालचा नळ कुठे फुटला हे ओळखणे माझे काम. रुपराव मिस्त्री माझे एक टोक नळावर टेकवत, दुसऱ्याला कान लावत आणि डोळे मिटत. पाण्याची सळसळ माझ्या अंगातून त्यांच्यापर्यंत जाई. सारे म्हणत, "रुपरावच्या कांडीले पाताळातलं ऐकू येते!"

१९७२ साली खात्याला नव्या पद्धती शिकवायला युगोस्लाव्हियातून मिलोशसाहेब आले. त्यांनी गळती शोधणारी हिरवी पेटी आणली. तिच्या ऐकायच्या चकत्या कानांवर लावताच रुपराव लहान मुलासारखे हसले. माझ्याकडे पाहून ते असे कधीच हसले नव्हते! पेटीला ते मऊ फडक्याने पुसत. आणि मी? मला पट्ट्यात ओवून, दोघा मजुरांच्या खांद्यांवर, तीच पेटी वाहून नेत. मी आतून जळत असे. बंद पड मेले, असे रोज म्हणत असे.

एकदा सदर बाजारामागच्या वस्तीतून इंदूबाई आल्या. "भाऊ, नळाले गटाराचा वास येऊन राहिला. नात दोन दिवसांपासून ओकून राहिली. लवकर चला गा!"

तिथे पिठाची चक्की धडधडत होती. त्या हादऱ्यांनी पेटीचा काटा नुसता थरथरत राहिला. मला केवढा आनंद झाला! रुपरावांनी मला उचलून नळावर टेकवले, कान लावला. गळती माझ्या अंगात स्पष्ट सळसळत होती. पण ते तसेच उभे राहिले.

"इंदूबाई, मले काहीच ऐकू येत नाही वं," ते हळूच म्हणाले. "कान गेले माह्ये. पेटीतून तेवढं ऐकू येते. साहेबाले सांगू नका."

इंदूबाई चक्कीवाल्या चंपतरावांकडे गेल्या आणि चक्की थांबवून आल्या. पेटीने जागा दाखवली. खणल्यावर गटारालगत फुटलेला नळ सापडला, तो दुरुस्त झाला. आठवड्याभरात नात अंगणात खेळू लागली.

मित्रांनो, पेटीचा मला अजूनही हेवा वाटतो, खोटे का सांगू? पण त्याहून जास्त लाज वाटते. तिच्यावर जळण्यात मी इतकी गुंतले होते, की माझ्या माणसाचे कान गेल्याचे मला कळलेच नाही. तुमच्या घरात कुणी हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर रागावू नका. जवळ जा, आणि पुन्हा एकदा बोला.