जेवण झालंय

चौथ्या दिवशीही डॉक्टरांनी फोनवर तेच वाक्य वाचून दाखवलं. "पेशंट अन्न नाकारते."

"नाकारते म्हणजे नक्की काय करते?" हेर्मानियाने विचारलं. "तोंड फिरवते? थुंकते? काय करते ते तरी सांगा!"

"इथे एवढंच लिहिलंय, बाई." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "वय एक्याऐंशी, स्मृतिभ्रंश. उद्या नाकातून नळी घालावी लागेल. पेशंट ती ओढून काढणार, म्हणून हात पलंगाला बांधावे लागतील. उद्या अकराला फोन येईल, तेव्हा तुमचा होकार लागेल."

फोन बंद. दिवसातून एकदाच यायचा तो, रोज नव्या डॉक्टरचा, आणि उलटा लावावा तर नंबरच दिसायचा नाही. वॉर्डातला फोन चार दिवस एंगेज लागत होता.

हात बांधणार! स्वेटरची बाही मनगटाला जरा घट्ट झाली तरी आई, दोन्या तार्हेलिया, म्हणजे तार्हेलियाबाई, भेदरून रडायची. ऑक्सिजन सुधारतोय म्हणे, ताप गेलाय म्हणे. म्हणजे करोनातून बाई वाचणार आणि उपाशी मरणार, नाहीतर बांधलेल्या हातांनी वेडीपिशी होणार. आणि त्याला होकार द्यायचा मुलीने.

कुएंका शहरातल्या या हॉस्पिटलात आजवर कुठला पेशंट घरच्या माणसाशिवाय राहिला होता? भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, सगळं घरच्यांनीच. नर्सबाई औषधं द्यायच्या आणि दटावायच्या. साथ आली, आणि घरचं माणूस फाटकाबाहेर काढलं. बरं काढलं ते काढलं, त्याच्या जागी कोण आणलं? कोणीच नाही.

फाटकावर क्लेवेर होता. वॉचमन, पन्नाशीचा, तोंडावर दोन मास्क आणि हातात यादी. डायपर, ओले रुमाल, पाण्याची बाटली, कपड्यांचा एक जोड. प्रत्येक वस्तूवर मार्करने नाव आणि पलंगाचा नंबर. खाणं चालणार नाही, फोटो चालणार नाही, कागद चालणार नाही. पहिल्याच दिवशी तिने चिठ्ठी दिली होती, ती त्याने दोन बोटांत धरून परत केली.

"कागदाला विषाणू चिकटतो, शेजारीणबाई." तिकडे अनोळखी बाईलाही शेजारीणच म्हणतात.

"आणि डायपरला नाही चिकटत?"

"डायपर यादीत आहे. कागद नाही."

"आणि यादी कशावर लिहिलीय?"

"कागदावर," क्लेवेर शांतपणे म्हणाला.

अशा माणसाशी भांडणार तरी काय! चार दिवसांत ती भांडून भांडून थकली होती. आज डॉक्टरांचा फोन झाल्यावर ती फाटकाशेजारच्या पायरीवर बसून राहिली. घरी जाऊन तरी काय करायचं होतं?

साडेबाराला क्लेवेरने खिडकीत डबा उघडला. मक्याच्या पानात उकडलेल्या उमितांचा, कोवळ्या मक्याच्या त्या वड्यांचा, वास थेट पायरीपर्यंत आला. "घ्या एक. बायकोने दोन जास्तीच्या दिल्यात."

"नको, नको. आत्ताच जेवून आले."

"बरं." आणि त्याने झाकण लावलं.

हेर्मानिया बघतच राहिली. सकाळच्या कॉफीनंतर तिच्या पोटात काही नव्हतं. असला कसला हा माणूस? एकदा विचारलं आणि झाकण लावून मोकळा! निदान पुन्हा एकदा तरी विचारायचं...

आणि तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं.

आईचं माहेर वर डोंगरात, नाबोनला. तिकडे कुणी पहिल्या विचारण्याला हात पुढे केला तर हावरट म्हणतात. पहिल्यांदा "नको". दुसऱ्यांदा "आत्ताच झालं, देव तुमचं भलं करो". मग घरची बाई ताट हातात देत म्हणते, "असं नका करू, माझा अव्हेर करू नका," तेव्हा कुठे पाहुणा चमचा उचलतो. आई मुलीचं नाव विसरली होती, नवरा गेल्याचं विसरली होती, पण ही रीत विसरली नव्हती. परक्या जागी, मास्कमागचं परकं माणूस विचारत असणार, "आजी, जेवणार का?" आणि आई गोड हसून सांगत असणार, "नको गं, जेवण झालंय माझं." झालं. ट्रे परत, कागदावर नोंद.

आणि घरी? घरी हेर्मानिया कधी विचारतच नव्हती. वाडगा समोर ठेवायचा, आपलाही घेऊन समोर बसायचं. म्हणून तर इतक्या वर्षांत तो नकार तिच्या कानावरच पडला नव्हता. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं तिला.

"क्लेवेर, आत फोन लावा! वॉर्डात! एवढा एकच निरोप द्यायचाय!"

त्याने आतल्या लाइनवरून लावला. घंटा वाजत राहिली. "बारा ते दोन कुणी उचलत नाही," तो म्हणाला. "दोननंतरही उचलत नाहीत, पण बारा ते दोन नक्कीच नाही."

"मग चिठ्ठी?"

त्याने यादीवर बोट ठेवलं.

ती ताडकन उठली. समोरच्या औषधांच्या दुकानातून दहा डायपरचं पाकीट आणलं, पायरीवर फाडलं, आणि नावं घालायचा मार्कर काढून एकेका डायपरवर मोठ्या अक्षरांत लिहायला बसली. 'दोन्या तार्हेलिया, पलंग १४. जेवणार का विचारू नका. ताट समोर ठेवा. नाही म्हणाली तर पुन्हा म्हणा. तरी नाही म्हणाली तर सांगा: माझा अव्हेर करू नका. मग जेवेल. हात बांधू नका.' दहाव्या डायपरपर्यंत मार्कर सुकत आला, तिने तो दाबून दाबून लिहिलं.

क्लेवेरने पिशवीत डोकावलं. "हे काय?"

"नाव. नाव घालायचं असा नियम आहे ना तुमचा?"

"एवढं मोठं नाव?"

"मोठं घराणं आहे आमचं."

त्याने एक डायपर उचलून ओठ हलवत सगळं वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे मघाशी तुम्ही जेवला नव्हता."

"नव्हते."

"मग तसं सांगायचं ना, बाई!" तो चिडून म्हणाला, आणि पिशवी आत जाणाऱ्या सामानाच्या ढकलगाडीवर सगळ्यात वर ठेवली.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला. पुन्हा नवा डॉक्टर. "पेशंट अन्न नाकारते. नळीसाठी होकार आहे ना?"

"आज सकाळी जेवली का ते लिहिलंय?"

"शेवटची नोंद काल सकाळची आहे."

"माझे डायपर मिळाले का कुणाला?"

"बाई, मी डॉक्टर आहे," तो म्हणाला. "होकार, की नाही?"

डायपर कपाटात पडून असतील तर? कुणी न वाचताच गुंडाळून फेकले असतील तर? हो म्हणावं तर आईचे हात बांधणार, नाही म्हणावं तर कदाचित आपणच तिला मारणार. "नाही. आजचा दिवस थांबा."

"तुमच्या जबाबदारीवर?"

"माझ्या जबाबदारीवर." ते मात्र त्याने ताबडतोब लिहून घेतलं.

मग दीड वाजेपर्यंत ती फाटकासमोर येरझाऱ्या घालत होती. दीडला फोन वाजला, आणि या वेळी नंबर दिसत होता.

"ताई, मी यादिरा. वॉर्डात मदतनीस आहे. स्वतःच्या फोनवरून करतेय, कुणाला सांगू नका. आजींचा डायपर बदलताना त्यावरचं तुमचं पत्र वाचलं."

"मग? बोला ना लवकर!"

"दोनदा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा मी ते अव्हेराचं म्हटलं. तर म्हणाल्या, 'एवढं म्हणतेस तर घेते दोन घास, तुझं मन मोडायला नको.' सगळं सूप संपवलं, ताई. मोठे डॉक्टर येऊन पाहून गेले. नळी नको म्हणाले."

रडू यायच्या आधी हेर्मानियाला संतापच आला. "चार दिवस! चार दिवस उपाशी ठेवलंत तिला, आणि एकदा, एकदाच विचारून..."

"बत्तीस पेशंट आणि आम्ही दोघी आहोत, ताई," यादिरा म्हणाली. "एकदा विचारायला मिळतं हेच पुष्कळ."

"तुमच्यावर नाही हो चिडले," हेर्मानिया म्हणाली.

"मग आजींनी मला विचारलं, तू जेवलीस का. मी म्हटलं, हो, आत्ताच. सकाळी सहापासून पाण्याचा घोट नव्हता घेतला. हा करोनाचा सूट एकदा चढवला की काढता येत नाही. तर त्यांनी आपला पाव माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं. पुन्हा धरला, पुन्हा नको म्हटलं."

"आणि मग?"

"मग त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, ताई. साथ सुरू झाल्यापासून मला कुणी एकदाही विचारलं नव्हतं."