पुढच्या दोन स्प्रिंगा

सासऱ्यांच्या जुन्या गाडीचं नाक पहिल्यापासूनच वर होतं. थोरल्या जावयाचं मात्र गेल्या आठवड्यापासून मुरडलेलं होतं. गाडी पुढून दोन बोटं खाली बसवायची आणि वळणावर ती डुलते ते बंद करायचं, असं घरात ठरलं. आणि त्यासाठी पुढच्या स्प्रिंगा निवडायचं काम सासऱ्यांनी दिलं धाकट्या जावयाला.

धाकटा पुलांची गणितं करणारा इंजिनिअर. घरात येऊन त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. थोरला सतराव्या वर्षी सासऱ्यांच्या गॅरेजात आला, तिथेच मेकॅनिक झाला, पुढे जावई झाला, आणि सासऱ्यांचे गुडघे गेल्यावर गॅरेजही त्यानंच ओढलं. त्या गाडीचा नट न् नट त्याच्या बोटांना पाठ होता. सासरे त्याला अजून ‘तू’ म्हणायचे आणि धाकट्याला ‘तुम्ही’. आजवर ह्याचं त्याला काही वाटलं नव्हतं, आता तेही खुपायला लागलं. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण कुणीतरी त्याच्याच घरात बसून रचली असावी.

खरं दुखणं वेगळंच होतं. डोळ्यांमुळे सासऱ्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. आता ती कुणाकडे जाणार, हे कुणी बोलत नव्हतं. पण ज्याला स्प्रिंगा निवडायला सांगतात, त्यालाच किल्ली देणार, हे कळायला पुलांची गणितं यावी लागत नाहीत.

रविवारी बाहेरच्या खोलीत टेबलावर स्प्रिंगांच्या तीन जोड्या मांडल्या गेल्या. थोरल्यानं आपलं म्हणणं न विचारताच मांडलं: जुन्या स्प्रिंगचं एक वेटोळं कापा, गाडी आपोआप खाली येईल. धाकटा अदबीनं म्हणाला की येईल खरी, पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि कडकपणा नेमका किती वाढला तेही अंदाजानंच ठरवावं लागतं. सासऱ्यांनी धाकट्याच्या बोलण्याला मान डोलावली. ती मान थोरल्याला झोंबली.

पहिली जोडी मऊ होती, ती बाजूला झाली. दुसरी सर्वांत जाड तारेची, तिसरी जुन्या जोडीपेक्षा जराशीच जाड आणि आखूड. ह्या दोन्हींत धाकटा अडला. वहीत काहीतरी लिहून त्यानं वर पाहिलं.

“दादा, तुमचं वजन किती हो?”

थोरल्यानं अठ्ठ्याऐंशी सांगितलं. आतून त्याच्या बायकोनं ब्याण्णव सांगितलं. सगळे हसले, सासरेसुद्धा. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चारचौघांत आपली टर उडवायची आणि वर वही घेऊन बसायचं! धाकट्यानं तिसरी जोडी उचलली.

स्प्रिंगा बसवायच्या थोरल्यानंच, कारण गाडीखाली उतरायचा खड्डा त्याच्या गॅरेजात. पुढच्या चाकांना धरणारे जे दांडे असतात, त्यांच्या सांध्यांत रबराचे बुश असतात. तिथले बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडीत माणूस बसवून आवळायचे, हा सासऱ्यांचा पहिल्या वर्षीचा धडा. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर रबर पिळलं जातं आणि गाडी खाली बसतच नाही. थोरल्याला हे झोपेतही आठवलं असतं. त्यानं गाडी जॅकवर असतानाच चारही बोल्ट करकचून आवळले. हात पुसताना त्याला बरं वाटलं.

दुपारी गाडी खाली उतरवली. नाक जेमतेम अर्धं बोट खाली आलं होतं. धाकट्यानं टेप लावून तीनदा मोजलं. त्याचा चेहरा उतरला.

“गणित माझंच चुकलं, दादा. तुमचं ऐकायला हवं होतं.”

हेच वाक्य ऐकायला थोरला आठवडाभर आसुसला होता. ऐकलं, आणि तो पुसलेलेच हात पुन्हा पुसायला लागला.

सासऱ्यांनी मडगार्डवर दोन्ही हात ठेवून एकदा जोरात दाबलं. आतून रबर कण्हलं. त्यांनी पाना मागितला आणि भिंतीला धरून, एकेक पायरी करत, त्या गुडघ्यांनिशी खड्ड्यात उतरले. त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही. खालून चार बोल्ट सैल झाल्याचे आवाज आले, आणि गाडी सावकाश दोन बोटं खाली बसली.

“आता गाडी चालवणाऱ्याला आत बसवा,” सासरे खालून म्हणाले. “त्याच्या वजनावर आवळतो.”

थोरल्यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि धाकट्यासाठी बाजूला झाला. धाकटा जागचा हलला नाही, त्यानं खड्ड्यातल्या सासऱ्यांकडे बोट दाखवलं.

“मी कशाला? तुम्ही बसा की. मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हिशेब तुमच्या वजनावर करायचा. तुम्हाला विचारायचं नाही म्हणाले. ‘विचारलं तर तो जुनंच कापून भागवील, स्वतःसाठी नवं म्हणून कधी घेत नाही.’”

थोरला आत बसला. कुठे पाहावं ते कळेना, म्हणून तो स्टिअरिंगकडे पाहत राहिला. ब्याण्णव किलोंखाली गाडी आणखी थोडी दबली आणि सरळ झाली. खाली पाना लागला.

“मामा,” तो खिडकीतून वाकून हळूच म्हणाला, “मी विसरलो नव्हतो.”

पाना क्षणभर थांबला.

“माहीत आहे,” सासरे खालून म्हणाले. “हलू नकोस.”