निळ्या चौकटीतला सल्ला

"मिस अर्लीन, लॅम्पलाइटमध्ये छापलेलं कधी खोटं निघतं का हो?"

पैज मैत्रिणीची, कॅमिलची. 'तुझ्याच बापाचा पेपर, विचारून दाखव!' झेनीनं विचारलं, तेही भर चर्चच्या तळघरात, सगळे जेवायला बसलेले असताना. मेम्फिसच्या त्या काळ्या लोकांच्या वस्तीत एवढी छाती कुणाची? गेल्याच महिन्यात वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मारल्यापासून झेनीचे पाय जमिनीवर नव्हते.

मिस अर्लीननं पालेभाजीचा डाव तिच्यावरच उगारला. "जीभ बघा पोरीची! अगं, माझ्या आईला हॉस्पिटलात अख्खा दिवस बाकावर बसवून ठेवलं, काळी म्हणून. ते छापलं कुणी? तुझ्या पणजोबांनी! लॅम्पलाइट खोटं बोलला ना, तर ही माझी ईस्टरची हॅट चुलीत घालीन."

मुली खिदळल्या. दर रविवारी प्रार्थनेनंतर पेपरातला 'नर्सबाईंचा सल्ला' मोठ्यानं वाचून दाखवायचा मान मिस अर्लीनचा. डॉक्टरचं न ऐकणारी माणसं तो सल्ला कापून फ्रीजवर चिकटवत.

"आता हेच बघ." त्यांनी बायबलमधून कात्रण काढलं. "बिटाचा अर्क घ्या, रक्तदाब विसरा. मी गोळी बंदच केली. आजच वाचून दाखवलं सगळ्यांना."

झेनीचं हसू तिथंच विरलं. ती जाहिरात होती. पेपरचं ते पान तिनंच जुळवलं होतं. जागा पुरेना म्हणून वरचा 'जाहिरात' हा शब्द उडवला, आणि छान दिसते म्हणून नर्सबाईंच्या सल्ल्याची निळी चौकट जाहिरातीला दिली. तेव्हा स्वतःवर केवढी खूश झाली होती!

"मिस अर्लीन, हे नर्सबाईंनी नाही लिहिलेलं. चूक माझी आहे. गोळी घ्या ना."

"चल गं! छापलेलं खरं मानू की तुझं?"

त्यांनी डाव खाली ठेवला. "जरा गरगरतंय," म्हणत त्या खुर्चीत टेकल्या. "अर्क अंगी लागायला वेळ लागतो म्हणतात."

झेनी तडक घरी आली. तिनं एका दमात आईबाबांना सगळं सांगितलं. बाबांनी चष्मा काढला. "गुरुवारच्या अंकात टाकू दुरुस्तीच्या दोन ओळी. आतल्या पानावर."

"नव्वद वर्षांचं नाव आहे गं," आई हळूच म्हणाली. "एकदा लोकांच्या मनातून उतरलो की..."

"गुरुवारपर्यंत त्यांना काही झालं तर? त्या माझं ऐकत नाहीत, आई. छापलेलंच ऐकतात!" झेनीचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "मी आत्ता खाली छापखान्यात जाऊन दुरुस्तीचं एक पान छापतेय. तीच निळी चौकट, खाली माझं नाव. पहिलं मिस अर्लीनच्या हातात देणार, आणि त्यांनी गोळी गिळेपर्यंत त्यांच्या पायरीवरून हलणार नाही. मग संध्याकाळच्या प्रार्थनेला उभी राहून तेच पान सगळ्यांना वाचून दाखवणार. तुम्ही आलात तर बरं. नाही आलात तरी मी वाचणार."