दहा एकराला एक कबर कमी

गावच्या पंचांचं पत्र आलं तेव्हा व्हर्ना स्टिकनी ओट्याशी बसून बटाट्याचं बियाणं कापत होती. तिनं पत्र दोनदा वाचलं. मग सुरी लांब ठेवली, कारण तिसऱ्यांदा वाचताना हातात सुरी नसलेलीच बरी.

पत्रात लिहिलं होतं की आपण आपले दिवंगत पती हॉलिस यांना आपल्या शेतात पुरलेलं आहे, सबब तेवढ्या जागेचा वापर शेतीऐवजी दफन असा झालेला आहे. कबरीची जागा अठरा चौरस फूट. ती वजा केली की शेत दहा एकरांहून कमी भरतं, आणि दहा एकरांच्या आतल्या शेताला इथे शेताचा सवलतीचा कर मिळत नाही. सबब आता सगळंच शेत हे शेत नाही. वापर बदलल्याचा एकरकमी कर अठरा हजार डॉलर, तीस दिवसांत भरावा. कबर हलवून गावच्या दफनभूमीत न्यायची असल्यास घरच्यांची लेखी संमती जोडावी. खाली सही पंचांचा अध्यक्ष डेल पार्मेंटर याची, आणि सहीखाली छापील ओळ: आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

आता शेत बरोबर दहा एकर, ना इंच जास्त ना इंच कमी, हे कसं? तर गेल्या वर्षी मार्चच्या गावसभेत गावाला आगीच्या बंबासाठी तळं हवं होतं आणि जागा द्यायला कुणी तयार नव्हतं. हॉलिस उठला आणि त्यानं शेताच्या खालच्या अंगाची, झऱ्याकाठची पट्टी फुकट देऊन टाकली. फक्त म्हणाला, दहा एकर राहतील एवढं बघा. मोजणीदारानं लोखंडी खुंट ठोकले. गावानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात वाजवल्या त्या डेलनं.

शेजारी चाळीस एकर बॉस्टनच्या कर्टिस हॅडलीचे. तिथे नाताळाच्या झाडांची शेती आहे, म्हणजे कागदावर आहे. गुडघाभर उंचीची रोपं सात वर्षं गुडघाभरच आहेत. एखादं वाळलं की एक माणूस गाडीतून येतो आणि तिथे दुसरं गुडघाभर लावून जातो. मधोमध मोठा फलक आहे: डोंगराच्या देखाव्यासह बत्तीस बंगले, नोंदणी चालू. हा फलक वापर बदलण्यात मोडत नाही. बंगल्यांना रस्ता मात्र व्हर्नाच्या शेतातूनच काढावा लागणार होता, आणि ज्या आठवड्यात पंचांचं पत्र आलं, त्याच आठवड्यात हॅडलीकडून ब्लूबेरीच्या मफिनची टोपली आणि शेत विकत घेण्याचा प्रस्तावही आला.

व्हर्ना टोपलीसकट पंचांच्या कचेरीत गेली. अठरा हजार भरायचे तर शेतच विकावं लागेल, हे तिनं डेलला सांगितलं. डेलला ते माहीत होतं. तिनं विचारलं, कबरीवर बटाटे लावले तर ती शेती धरणार का? डेल म्हणाला, बघावं लागेल, अशी केस अजून आलेली नाही. त्यानं एक मफिन उचललं.

"मिसेस स्टिकनी, माझ्या हातात असतं तर गोष्ट वेगळी. पण नियम सगळ्यांना सारखा."

"मग ती हॅडलीची झाडं कधी मोजतोस?"

"ती वाढतायत."

"माझ्या नवऱ्यापेक्षा हळू," व्हर्ना म्हणाली आणि टोपली उचलून घरी आली.

कबरीची जागा मोजून नोंदवायचा दिवस मेमधला. बर्फ कधीच गेलं होतं, काळ्या माश्या कानात शिरत होत्या. डेल कागदांची फाइल घेऊन आला, मोजणीदार टेप घेऊन आला, आणि मर्ल आला हातात टोपी धरून. मर्ल म्हणजे हॉलिसच्या बहिणीचा मुलगा, पन्नाशीचा, गावातला एकमेव जेसीबीवाला. कबर त्यानंच खोदली होती.

मोजणीदार दगडी गडग्यापासून टेप लावत खाली आला. हद्दीचा खुंट शोधू लागला. कबरीच्या खालच्या बाजूला सापडेना. मग तो वर सरकला, आणि गवतात पाय ठेचकाळून त्यानं शिवी हासडली. खुंट तिथे होता. कबरीच्या दगडापासून आठ फूट वर.

मर्ल टोपीकडे बघत म्हणाला, "मामी, फेब्रुवारीत वरची जमीन चार फूट गोठली होती. जेसीबीचा दात तुटला गं. खाली झऱ्याशी माती मऊ लागली. बर्फ कमरेएवढं, खुंट कुठला दिसतोय."

हिवाळ्यात गेलेली माणसं इथे वसंतापर्यंत दफनभूमीच्या दगडी खोलीत थांबतात. पण हॉलिसनं बजावून ठेवलं होतं, मला तळघरातल्या बटाट्यासारखं ठेवू नका. म्हणून ही घाई.

व्हर्नाला आधी रडू आलं. चाळीस वर्षं कसलेल्या शेतात माणसाला सहा फूट मिळू नयेत. आणि हे तोंड वर करून कर मागतात. मग तिनं डेलकडे पाहिलं. डेलचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

"म्हणजे हे गावाच्या जागेत आहेत," तो म्हणाला. "यांना हलवावं लागेल."

"घरच्यांची लेखी संमती लागते. तूच कळवलंयस."

"हो, पण तुम्ही..."

"घरची मी. संमती नाही."

हॉलिस वीस वर्षं दफनभूमीचा विश्वस्त होता. त्यामुळे गावाच्या जागेतल्या कबरीचं गवत गाव कापतं, कुंपण गाव घालतं आणि माणूस फौजेत असेल तर झेंडाही गावच लावतं, हे व्हर्नाला तोंडपाठ होतं. हॉलिस फौजेत होता. तिनं ते सगळं डेलला सावकाश सांगितलं, आणि त्याच्या फाइलमधून कराचं पत्र काढून घेऊन त्याच्याच पेननं त्यावर आडवी रेघ मारली. शेत दहा एकर भरलं होतं. मोजणीदारानं तसं लिहून दिलं.

गवत कापायचा खर्च पुढच्या मार्चच्या गावसभेशिवाय मंजूर होत नाही. तोवर अध्यक्षाला स्वतःच यावं लागतं. दर शनिवारी डेल यंत्र ढकलत येतो. व्हर्ना बटाट्यांना माती लावता लावता कंबर सरळ करते आणि गडग्यापलीकडे बघते. झाडं गुडघाभर. फलकाला नवा रंग. त्याबद्दल तिनं पंचांना चार पत्रं लिहिली. चारही विचाराधीन आहेत.

"दगडाच्या कडेचं राहिलंय, डेल," ती हाक मारते. "हातानं काढ. यंत्रानं दगडाला चरा पडतो."

डेल गुडघ्यांवर बसतो.